फुटाचा भाव

९ सप्टेंबर २०२५, मंगळवार

पितृपक्ष लागला. या पंधरवड्यात कोणी नवं काम काढत नाही, त्यामुळे शहाद्यातले रंगारी मोकळे असतात आणि निवांत बोलतात. दसरा उलटला की हीच माणसं फोन उचलत नाहीत. आमच्या घराला आतून रंग लागून बारा वर्षं झाली. दिवाळीला सुरतेहून मुलगा, सून आणि तीन वर्षांची नात येणार आहेत. यंदा सगळं घर आतून रंगवून घ्यायचं, असं ह्यांनी आणि मी ठरवलं. उभी नोकरी शाळेत गणित शिकवण्यात झाली, म्हणून खर्चाचा अंदाज काढायचं काम माझ्याकडे आलं.

पेन्शनच्या कामासाठी आज नंदुरबारला गेले होते. ९ सप्टेंबर असल्यामुळे शिरीषकुमारांच्या स्मारकाकडे शाळेच्या मुलांच्या रांगा चालल्या होत्या. १९४२ साली याच दिवशी, याच गावात, हा शाळकरी पोरगा आणि त्याचे चार सोबती पोलिसांच्या गोळ्यांनी पडले. रस्ता मोकळा होईपर्यंत एका रंगाच्या दुकानात बसले. दुकानदार म्हातारे, बोलके. ते म्हणाले, "बाई, एशियन पेंट्ससुद्धा बेचाळीसचीच. लढाईमुळे विलायती रंग यायचा बंद झाला, तेव्हा मुंबईत चार मित्रांनी सुरू केली."

मग त्यांनी तीन डबे समोर ठेवले. तिन्ही आतल्या भिंतींचे इमल्शन, तिन्ही पांढरे. एक लिटरला १६० रुपये, दुसरा २८५, तिसरा ५२०. फरक कशाचा, असं विचारलं. खालचं किती झाकतो आणि पुसल्यावर किती टिकतो, याचा. झाकण्याचं काम टायटॅनियम डायऑक्साइड नावाची पांढरी भुकटी करते. ती महाग, आणि बरीचशी परदेशातून येते. स्वस्त रंगात ती कमी आणि खडूची भुकटी जास्त. रंग भिंतीला धरून ठेवणारं द्रव्य खनिज तेलापासून बनवलेलं, म्हणून तेल महागलं की रंगही चढतो. गडद छटा हवी असेल तर डब्यात पांढरं कमी आणि रंगद्रव्य जास्त घालावं लागतं. तो डबा आणखी महाग पडतो आणि दोन हातांत भागत नाही, तिसरा हात मारावा लागतो.

मी कागद भरून घेतला. एसटीत परत येताना प्रकाशा गावच्या पुलावरून तापी पाहिली, दोन्ही काठ भरून चालली होती.

११ सप्टेंबर, गुरुवार

पहिला ठेकेदार आला. घरात एक फेरी मारली, एकाही भिंतीला टेप लावली नाही, आणि सांगितलं, "मटेरियलसकट बावीस रुपये फूट. तुमचं साधारण ३,१५० फूट होईल. ६९,३०० रुपये." दारं-खिडक्या आणि जाळ्या वेगळ्या.

३,१५० कुठून आले, असं विचारलं. घर बांधीव ९०० फूट, त्याला साडेतीनने गुणलं. हा आडाखा सगळीकडे चालतो. पण ९०० फुटांत बाहेरचा ओटा आला, जिन्याची जागा आली, भिंतींची जाडी आली, फरशी लावलेलं न्हाणीघर आलं. जिथे ब्रश लागणारच नाही, तिथलेही पैसे त्यात होते. तो फसवायला आला होता, असं मला वाटत नाही. त्याला रोज चार घरं बघायची असतात आणि घरमालकही आकडा ऐकून मान डोलावतात.

पुण्याच्या भावाला फोन केला. त्याने गेल्या वर्षी दोन खोल्या-हॉलच्या फ्लॅटला ७८,००० दिले. त्यालाही माप माहीत नव्हतं.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

सकाळभर टेप घेऊन फिरले. हे टेपचं दुसरं टोक धरून उभे.

दिवाणखाना १६ बाय १२. चारही भिंतींची मिळून लांबी ५६ फूट, उंची १०, म्हणजे ५६० चौरस फूट, वर छताचे १९२. अशा पाचही जागा मोजल्या. भिंती आणि छत मिळून २,७१२ फूट भरले. आता वजाबाकी. दारं-खिडक्यांची मोकळी जागा ३१० फूट. ती पूर्ण वजा करणं बरोबर नाही, कारण चौकटीच्या आतल्या कडा रंगवायला तितकाच वेळ लागतो. म्हणून निम्मी धरली, १५५. स्वयंपाकघरातल्या फरश्या ८२. उरले २,४७५.

ठेकेदाराच्या आकड्यात आणि टेपच्या आकड्यात ६७५ फुटांचं अंतर आहे. बावीसच्या दराने ते १४,८५० रुपये होतात.

आणि तरी, साडेतीनचा आडाखा आतल्या जमिनीला लावला असता तर उलटी चूक झाली असती. आमच्या खोल्यांची आतली जमीन ५७२ फूट. साडेतीनपट म्हणजे २,००२. छतं दहा फूट उंच आणि खोल्या लहान असल्या की जमिनीच्या मानाने भिंत जास्त येते. तेव्हा रंगाऱ्याचं नुकसान झालं असतं. टेप लावण्याला दुसरा मार्ग नाही.

१६ सप्टेंबर, मंगळवार

शेजारच्या वहिनींनी सुचवलेला मिस्त्री आला. पन्नाशी ओलांडलेला, तळोद्याकडचा, बोलणं अर्धं अहिराणी. घरात शिरल्यावर रंगाची चौकशी न करता तो भिंतींवर बोटाच्या पेरांनी टकटक करत फिरला. मागच्या खोलीत थांबला, तळवा टेकवला आणि म्हणाला, "बाई, हाई भित पानी पी ऱ्हायनी."

त्या भिंतीला तळापासून कमरेपर्यंत लोणा आलेला आहे, पोपडे सुटतात. पलीकडे न्हाणीघर. आम्ही दर वर्षी तिथे कपाट सरकवून ठेवायचो.

खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी वर गेलेली भेगही त्याने दाखवली. ही भेग शहाद्यात घरोघर आहे. आपली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते, हाताचा पंजा जाईल एवढ्या भेगा शेतात पडतात. त्याच मातीत उथळ पाया घेतलेलं घर दर वर्षी किंचित उचलतं आणि किंचित बसतं. जिथे भिंत नाजूक, म्हणजे दारा-खिडक्यांचे कोपरे, तिथे ती फाटते. मिस्त्री म्हणाला, चीर उन्हाळ्यात भरायची असते, तेव्हा ती पूर्ण उघडलेली असते. पावसानंतर मिटलेल्या चिरेवर कडक पुट्टी दाबली की मे महिन्यात ती पुन्हा बोलते. आता फार तर चीर खोदून, लवचीक मसाला भरून, वर जाळीची पट्टी लावता येईल.

मग दर. सामान आमचं, मजुरी त्याची, ११ रुपये फूट. त्यात जुना रंग खरवडणं, पुट्टीचे दोन हात, घासकाम, प्रायमरचा एक हात, इमल्शनचे दोन हात. दारं, खिडक्या, जाळ्या ऑइल पेंटने, उक्ते ६,०००. माझं माप त्याने दोन भिंती मोजून पडताळलं आणि मान्य केलं. २,४७५ गुणिले ११ म्हणजे २७,२२५. एकूण मजुरी ३३,२२५.

ह्यांनी दहा रुपये करून घ्या म्हणून आग्रह धरला. मी वहीत दुसरा हिशोब मांडला. मिस्त्रीचा रोज ८००, सोबतच्या कारागिराचा ७००, पोऱ्याचा ४५०. तिघांचे दिवसाला १,९५०. ३३,२२५ ला १,९५० ने भागलं तर सतरा दिवस येतात. काम सतरा दिवसांत झालं तर तिघांना पूर्ण रोज पडेल. अठरावा दिवस लागला की तो मिस्त्रीच्या खिशातून जाणार. आणि दिवस का लांबतील? ओलीमुळे, पावसामुळे, चिरेमुळे. भिंत आमची, ओल आमची, पण थांबण्याचा खर्च त्याच्यावर. फुटाच्या भावात हे दिसत नाही. दहा रुपये केले असते तर २,४७५ रुपये वाचले असते आणि ते पुट्टीच्या दुसऱ्या हातातून गेले असते.

अकरा रुपयेच ठरले. शिवाय वहीत लिहून दोघांनी सही केली, की भिंतीच्या ओलीमुळे काम थांबलं तर त्या दिवसाचा रोज घरमालक देईल. मिस्त्री दोनदा वाचून म्हणाला, असं कोणी लिहून दिलं नव्हतं.

२२ सप्टेंबर, सोमवार

घटस्थापना. देवघराची खोली शेवटी घ्यायची ठरली.

आजपासून जीएसटीचे नवे दर लागू झाले. सिमेंट २८ वरून १८ टक्क्यांवर आलं. रंगावर २०१८ पासून १८ होता, तो तसाच राहिला. दुकानात बरेच जण रंग स्वस्त झाला का, असं विचारून परत जात होते.

२४ सप्टेंबर, बुधवार

खरवडकाम सुरू. पत्ती फिरली की घराची वर्षं एकेक करून खाली पडतात. वर पिस्ता, त्याखाली फिकट गुलाबी डिस्टेंपर, आणि सगळ्यांत खाली निळसर पांढरा चुना.

चुना दिसताच सासूबाई खुर्ची ओढून बसल्या. प्रकाशाच्या जुन्या घरात दर वर्षी नवरात्राआधी चुना व्हायचा. चुनखडे रांजणात टाकून वर पाणी ओतलं की ते रटरट उकळायचं, पोरांना लांब पिटाळायचं. दोन दिवस मुरवून कापडातून गाळायचं, त्यात डिंकाचं पाणी, मूठभर मीठ आणि पांढरेपणा उठून दिसावा म्हणून निळीची चिमूट. अंबाडीच्या कुंच्याने आडवा एक हात, उभा एक हात. लावताना भिंत मळकट दिसायची, वाळली की उजळायची.

ते उजळणं म्हणजे रसायनशास्त्र आहे. भाजलेला चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतो आणि पुन्हा चुनखडीचा दगड होतो. त्या थराला सूक्ष्म छिद्रं असतात, त्यामुळे भिंतीतली ओल बाहेर पडत राहते. आजच्या इमल्शनचा पापुद्रा प्लॅस्टिकच्या जातीचा. धुता येतो, दिसतो छान, पण ओल्या भिंतीवर लावला तर पाणी आत कोंडतं आणि पापुद्र्याला फोड येतात.

चुन्याला खर्च किती यायचा, हे सासूबाईंना विचारलं. "खर्च कसला? खडे तेवढे विकत." मग त्याच सांगू लागल्या, की सुनांची बोटं चुन्याने सोलवटून निघायची, आठ दिवस भाकरी थापताना आग व्हायची. त्या मजुरीची नोंद कोणत्याही वहीत नाही. घर रंगवण्याचा खर्च आपल्या पिढीत वाढला, असं आपण म्हणतो. तो आधीही होता, घरातल्या बायका तो अंगावर घेत होत्या.

२९ सप्टेंबर, सोमवार

काल दिवसभर पाऊस, आजही झड. मराठवाड्यात या महिन्यात पुराने शेतंच्या शेतं वाहून नेली. त्यापुढे आमची ओली भिंत फार लहान गोष्ट.

पुट्टीचा पहिला हात सुकत नाही. पांढऱ्या सिमेंटची ही पुट्टी ४० किलोच्या गोणीत येते, पाच गोण्या आणल्या आहेत. ओल्या हवेत ती घट्ट होते पण आतून कच्ची राहते. मिस्त्रीने काम थांबवलं. तेवढ्यात गवंडी बोलावून मागची भिंत कमरेपर्यंत फोडली. आत न्हाणीघराच्या नळाचा सांधा झिरपत होता, किती वर्षांपासून कोण जाणे. नळवाल्याने सांधा बदलला.

नव्या गिलाव्याला नीट सुकायला निदान चार आठवडे हवेत. दिवाळी तीन आठवड्यांवर. पाहुणे येणार म्हणून त्यावर घाईने रंग चढवणारे पुष्कळ आहेत, आणि पुढच्या पावसाळ्यात तेच रंगाच्या कंपनीला दोष देतात. मिस्त्री म्हणाला, या भिंतीला आता फक्त चुना मारू, रंग होळीनंतर. मला एकदम पटलं. सासूबाई खूश.

कराराप्रमाणे दोन दिवसांचा तिघांचा रोज, ३,९०० रुपये, संध्याकाळीच दिला.

२ ऑक्टोबर, गुरुवार

दसरा. कारागिराने ब्रश, रोलर आणि पत्त्या धुऊन ओट्यावर मांडल्या. घोडीला झेंडूची माळ. मिस्त्री बायकोला घेऊन आला, आपट्याची पानं देऊन गेला. काम बंद.

५ ऑक्टोबर, रविवार

हाताखालचा पोऱ्या धडगावच्या वरच्या पाड्यावरचा, पावरा समाजातला. बारावी झाला आहे. जेवायच्या सुट्टीत बोलता बोलता त्याच्या घराबद्दल विचारलं. त्यांच्याकडे मोठा सण होळी. त्याआधी आई आणि बहीण कुडाच्या भिंतींना शेणामातीचा नवा हात देतात. मग भोंगऱ्या बाजार, मग होळी. होळीला तो कामावर राहणार नाही, हे त्याने आत्ताच मिस्त्रीला सांगून ठेवलं आहे.

यंदा त्यांचं घरकुल पूर्ण झालं. प्रधानमंत्री आवास योजनेत सपाट भागात १,२०,००० आणि डोंगराळ भागात १,३०,००० रुपये मिळतात. घर निदान २५ चौरस मीटरचं, म्हणजे सुमारे २७० फूट. भिंती उभ्या राहिल्या, छत पडलं, बाहेरून गिलावा झाला आणि पैसे संपले. मी मनात गुणाकार केला. एवढ्या घरात भिंती-छत मिळून हजार फूट तरी भरतील. आमच्या घराला सामान आणि मजुरी धरून फुटाला साडेएकोणीस रुपये पडत आहेत. त्या भावाने वीस हजार. अनुदानाचा सहावा-सातवा हिस्सा नुसत्या रंगाला. सातपुड्यातल्या रस्त्यांवरून जाताना राखाडी, बिनरंगाची घरकुलं ओळीने दिसतात ती यामुळे.

"मग तू रंगव की," मी म्हटलं. "शिकतोय ना, बाई. पुढच्या वर्षी मीच रंगवीन. सामानाचे पैसे जमवतोय."

तो भिंत घासत होता तेव्हा पुट्टीची भुकटी त्याच्या पापण्यांवर बसली होती. तोंडाला नुसता रुमाल. औषधाच्या दुकानातून चांगले मास्क आणून दिले. मिस्त्रीलाही लावायला लावले. त्याचा खोकला पहिल्या दिवसापासून ऐकते आहे.

९ ऑक्टोबर, गुरुवार

दारं-खिडक्या. मिस्त्रीने कोरडा घासकागद काढला आणि मी त्याला थांबवलं.

आमच्या चौकटींवर तीस वर्षांचे ऑइल पेंटचे थर आहेत, पिवळे, हिरवे, लाल. जुन्या अशा रंगांत शिसं असायचं. घरगुती रंगात शिसं दहा लाखांत ९० भागांपेक्षा जास्त नको, हा नियम आपल्याकडे २०१६ मध्ये झाला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीचा थर घासला की त्याची धूळ जमिनीवर बसते, रांगत्या-खेळत्या मुलांच्या हाताला लागते, हातातून तोंडात जाते. शिसं मुलांच्या मेंदूला कायमचं नुकसान करतं. अमुक इतकं चालेल, अशी त्याला सुरक्षित मर्यादाच नाही. आणि रंगाऱ्याच्या छातीत ते रोज जातं.

म्हणून वॉटरपेपरने ओलं घासायचं, खाली प्लॅस्टिक अंथरायचं, लगदा गोळा करून पिशवीत बांधायचा, झाडू मारायचा नाही, ओल्या फडक्याने पुसायचं. याला वेळ जास्त लागतो. मिस्त्रीने जास्त पैसे मागितले नाहीत, मी एका दिवसाचा रोज पुढे केला तर घेतला नाही. त्याच्या नातवाचं वय त्याने सांगितलं, आमच्या नातीएवढंच.

१३ ऑक्टोबर, सोमवार

रंगाचे डबे आले. भिंतींसाठी मधल्या दर्जाचं इमल्शन ३० लिटर, छतासाठी साधं पांढरं १० लिटर. छताला कोणी हात लावत नाही, तिथे महाग रंग वाया. छटा फिकट साय-रंगाची. अंधाऱ्या मधल्या जागेत तीच थोडी उजळ.

डबा फोडल्यावर आत टोकन निघतं. कुठे टोकन, कुठे झाकणावर स्कॅन करायचा कोड. कंपन्या ते रंगाऱ्यासाठी ठेवतात, त्याने त्यांचाच माल सुचवावा म्हणून. बिर्ला ओपस २०२४ मध्ये बाजारात उतरल्यापासून ही चढाओढ वाढली आहे. काही घरमालक टोकन हिसकावून घेतात. मला ते बरं वाटत नाही. डबा कोणता घ्यायचा ते मी ठरवलं, फोडला त्याने, टोकन त्याचं.

संध्याकाळी मिस्त्रीने खिशातून एक चुरगळलेला फॉर्म काढला. बांधकाम कामगार कल्याण मंडळात नाव नोंदवायचा. रंगारीही बांधकाम कामगारांत येतो, १९९६ च्या कायद्यापासून. पण आदल्या वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. मोठ्या इमारतीवर एकाच ठेकेदाराकडे राबणाऱ्याला तो मिळतो. याचे ९० दिवस सहा-सात घरांत विखुरलेले, आणि एकाही घरमालकाने कधी काही लिहून दिलेलं नाही. दाखला मागायला गेलं की हातात पुरावा नाही.

मी वहीचं पान फाडून लिहून दिलं. कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत काम केलं, कोणतं काम, मजुरी किती, खाली सही आणि पत्ता. हे करायला मला पाच मिनिटं लागली. नगरपालिकेत कोणाला भेटायचं, तेही विचारून ठेवलं आहे. साठीपर्यंतच नोंदणी होते. त्याच्याकडे आठ वर्षं उरली आहेत.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

उद्या वसुबारस. काम संपलं.

भिंती-छताची मजुरी २७,२२५. दारं-जाळ्या ६,०००. थांबलेल्या दिवसांचे ३,९००. गवंडी आणि त्याचा मदतनीस २,८००, त्यांचं सामान २,४००, नळवाला १,३००. पुट्टी ४,५००. प्रायमर २,९६०. इमल्शन ९,८५०. ऑइल पेंट, टर्पेंटाइन आणि लाकडा-लोखंडाचे प्रायमर २,३००. ब्रश, रोलर, वॉटरपेपर, प्लॅस्टिक, मास्क १,४५०. बेरीज ६४,६८५.

रंगाच्या सामानाच्या २१,०६० मध्ये जीएसटीच सुमारे ३,२०० आहे. ज्याला आपण रंग म्हणतो, शेडकार्ड घेऊन ज्यावर घरात चार दिवस वाद होतात, ते इमल्शन शंभरातले पंधरा रुपये. रंगारी, कारागीर, पोऱ्या आणि गवंडी यांच्या हातात गेले ते शंभरातले बासष्ट. डबा महाग घ्यावा की स्वस्त, यावर जेवढा खल आपण करतो तेवढा भिंत कोरडी आहे का, यावर केला तर पैसा जास्त टिकेल. घासाघीस करायचीच असेल तर मापात करावी, टेप लावून. रोजात करू नये. सुरतेत कारागिराला हजार रुपये रोज मिळतो, असं आमचा कारागीर सांगत होता. इथे सातशे. आपण आणखी ओढलं तर तो शनिवारी गाडीत बसेल.

आणि एक विनंती. घर रंगवायचं ते दिवाळीआधीच, हा हट्ट आपण सोडू या. ऑक्टोबरात भिंती ओल्या असतात, रंगारी चार घरांत विभागलेला असतो, आणि चिरा मिटलेल्या असतात. मार्च-एप्रिलमध्ये भिंत वाळलेली, चीर उघडी, रंगारी रिकामा. त्याच पैशात काम जास्त चांगलं होतं, आणि त्याला उन्हाळ्याचे दोन महिने रोज मिळतो. दिवाळीला काढलंच असेल तर त्याची मजुरी धनत्रयोदशीच्या आत पुरी करा. त्याच्याही घरी दिवाळी असते.

मिस्त्रीला आज सगळे पैसे देत होते. मागच्या भिंतीचे ११० फूट बाकी आहेत, त्यांचे १,२१० रुपये त्याने परत केले. काम झाल्यावर घेईन म्हणाला. ते वेगळ्या पाकिटात ठेवले आहेत. तो होळीनंतर येईल, तेव्हा ती भिंत आणि खिडकीची चीर, दोन्ही करून घ्यायची आहेत.